साखरेची आयाळ

साखर लाटंबार्शाला आली ती तांबडी होऊन. पुण्याहून सावंतवाडीपर्यंत, कृष्णनाथ ज्यांच्या पागेत नोकरीला होता त्या साहेबांच्या गाडीनं आणून सोडलं, पण पुढं दोडामार्गाच्या वळणांवरून यायला तो ड्रायव्हर काही केल्या तयार होईना. मग कृष्णनाथाचा पुतण्या गौरेश, जो खाणीवर ट्रक चालवायचा, तो आपला रिकामा ट्रक घेऊन गेला, त्यात पेंढा पसरला आणि घोडीला चढवली. खनिजाच्या ट्रकातून आलेलं जनावर कसं दिसणार? वाड्यावर, त्या लहानशा वस्तीत, उतरली तेव्हा कानापासून खुरापर्यंत तांबड्या धुळीनं माखलेली. कृष्णनाथाची बायको देवकी पदराला हात पुशीत बाहेर आली आणि बघतच राहिली.

“पांढरी म्हणून सांगितलं होतं न्हय?” ती म्हणाली.

“पांढरीच आहे गो. थांब जरा.” कृष्णनाथानं विहिरीवरून बाल्दीमागून बाल्दी पाणी आणून ओतलं आणि त्या तांबड्या चिखलातून साखर निघाली. पांढरी, कपाळ रुंद, डोळे काळेभोर. मानेवर मात्र एक केस नाही.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. रस्त्यावरच्या पाट्या बदलत होत्या, कोंकणी की मराठी यावरून एकाच घरातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पण घोडी आली आणि वाड्याला बोलायला दुसरा विषय मिळाला. ही काय टांग्याची? लग्नातली? शर्यतीतली? कृष्णनाथ सगळ्यांना सोप्यावर बसवून सांगायचा. पोलोची घोडी ही. घोड्यावर बसून लांब काठीनं चेंडू मारायचा, तो समोरच्या खांबांमधून घालवायचा, तो पोलो. घोडा ऊर फुटेस्तोवर पळतो, म्हणून दर डावाला ताजा घोडा घ्यायचा. आणि शेवटच्या डावाला, जेव्हा जीव टांगणीला लागलेला असतो, तेव्हा साहेब हिलाच मागायचे. “साखर आण, कृष्णा,” म्हणायचे.

ती आता म्हातारी झाली होती. पुढच्या उजव्या पायाची शीर दुखावली होती आणि ती काही पहिल्यासारखी होणार नव्हती. पागेतून निघालेल्या म्हाताऱ्या घोड्यांचं काय होतं ते कृष्णनाथानं उभ्या हयातीत बघितलं होतं. एखादा टांग्याला जायचा, एखादा वरातीत बँडच्या पुढं नाचवायला. आणि ज्याच्या पायात काही उरलं नसेल त्याला पागेच्या मागं नेऊन गोळी. त्या दिवशी कृष्णनाथ जेवायचा नाही. म्हणून त्याची स्वतःची नोकरी संपायची वेळ आली तेव्हा त्यानं साहेबांकडे एकच गोष्ट मागितली. साहेब म्हणाले, “ने. तुझ्याइतकं तिला कोण बघणार?” माणूस चांगला होता. खोटं कशाला बोला?

कृष्णनाथ गावस घराबाहेर पडला तो पोर्तुगीज असतानाच, मिसरूड फुटायच्या आधी. पाऊस सरत आला की खेळ सुरू व्हायचा तो उन्हाळा तापेपर्यंत चालायचा, त्यामुळे घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला घर दिसायचं ते आषाढाच्या आगंमागं. देवकीनं लग्न झाल्यापासून नवरा पाहिला तो पावसातला. लावणीला यायचा, चिखलात उतरायचा, आणि भात हिरवं धरायच्या आत दाराजवळच्या बांकाखालची पत्र्याची पेटी उचलून निघायचा. काजू तिनं एकटीनं काढले, शेत एकटीनं राखलं, मुलीला फोंड्याला दिली तीही जवळजवळ एकटीनंच. आता नवरा कायमचा आला होता. पण पेटी बांकाखालीच होती. चामड्याचा पट्टा आवळून. कृष्णनाथ त्यातून सदरा काढायचा, धुतलेला सदरा त्यातच घालायचा आणि पुन्हा पट्टा आवळायचा.

“पेटी माळ्यावर ठेवूया?” देवकीनं एकदा विचारलं.

“राहू दे. लागते,” तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

साखरेचं सगळं पागेच्या रीतीनं. पहाटे खरारा. मग पाण्यात भिजवलेले चणे. दुपार कलली की कृष्णनाथ कात्री घेऊन बसायचा आणि मानेवर उगवलेलं जरासं खुंट साफ करून टाकायचा. पोलोच्या घोड्याला आयाळ ठेवत नाहीत, केस लगामात अडकतात. मग चारी पायांना तांबड्या पट्ट्या. मग शेपटीची वेणी, ती वर दुमडून फितीनं गच्च बांधायची, म्हणजे काठी शेपटीत गुंतत नाही. इथं काठी कुठली नि चेंडू कुठला! पण कृष्णनाथाचं म्हणणं, घोडं नीटनेटकं दिसलं पाहिजे, लोक बघायला येतात. आणि लोक यायचेही. नानोड्याहून आले, डिचोलीहून आले. तो साखरेला दगडी गडग्याजवळ उभी करायचा, आणि ती ऐटीत उभी राहायची, कान टवकारून, समोरच्या कापलेल्या मोकळ्या शेताकडे बघत. दिवेलागणीला तो तिला गोठ्यात नेऊन शेपूट सोडायचा, पट्ट्या काढायचा, पुढ्यात गवत टाकायचा.

ती गवताला तोंड लावीना.

पहिल्यांदा त्याला वाटलं, जागा नवी आहे. मग वाटलं, पाणी बाधलं. पुण्याच्या वैरणीची सवय, इथला पेंढा रुचत नसेल. त्यानं गूळ दिला, उकड्या तांदळाची पेज दिली, वाहत्या व्हाळाच्या कडेचं कोवळं गवत स्वतः कापून आणलं. ती हुंगायची आणि मान वळवून पुन्हा दाराकडे बघत उभी राहायची. सकाळी थोडं खायची, तेवढंच. पौष गेला, माघ गेला, बरगड्या दिसायला लागल्या. पांढऱ्या अंगावर त्या फार दिसतात.

डिचोलीचे जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दात बघितले, पोट दाबून बघितलं, जंताचं औषध दिलं. “आजार असा काही नाही हिला,” ते म्हणाले. “पण गावसबाब, सरळ सांगतो. पाऊस पडायच्या आत अंगावर मांस धरलं नाही तर ही पावसाळा काढणार नाही.”

कृष्णनाथ त्या दिवशी गोठ्यात जाऊन तिच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला. गोळीपासून वाचवून आणलं ते इथं उपाशी मारायला? त्याला रडू फुटलं. मोठ्या माणसाचं रडणं, आवाज न करता, पण देवकीला चुलीजवळच्या जनेलातून दिसलं. तिनं चूल फुंकायला घेतली आणि मुद्दाम भांड्यांचा आवाज केला, म्हणजे त्याला वाटावं की कोणी बघितलं नाही.

फाल्गुनातला शिगमो आला. त्या वाड्याचा शिगमो म्हणजे घोडेमोडणी. लाकडाचं घोड्याचं डोकं, मागं बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड आणि झेंडूच्या माळा, असा घोडा कमरेला बांधायचा, डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, हातात उपसलेली तलवार, आणि ढोलताशावर नाचत शिवेपर्यंत जाऊन परत यायचं. यात एक नेम फार कडक. घोडा ज्याच्या कमरेला बांधला त्यानं तो आपल्या हातानं सोडायचा नाही. परत देवळासमोर येऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं येऊन गाठ सोडायची. तोवर बसायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पुढच्या घोड्याचा मान कृष्णनाथाच्या बापाचा. कृष्णनाथ बाहेर राहिला म्हणून तो भावाकडे गेला आणि आता भावाच्या मुलाकडे, गौरेशकडे होता.

बाबुराव गांवकर देवळाचे मानकरी. ते स्वतः आले, सोप्यावर बसले, पानाला चुना लावला. “कृष्णा, लाकडाचे घोडे आम्ही बापजाद्यांपासून नाचवतो. यंदा गावात जिवंत घोडं आहे मरे. ते मोडणीच्या पुढं चाललं तर देवाला बरं वाटेल.”

कृष्णनाथाचा चेहरा उजळला. “चालेल. चालेल म्हणजे काय, बघतच राहाल.”

“तिच्या अंगात त्राण कुठं आहे?” देवकी आतून म्हणाली.

“तुला कळत नाही गो. तिला कामाची सवय. रिकामी बसलीय म्हणून खंगलीय. ढोल वाजू दे, बघ कशी उठते.”

आणि उठली, हेही खरं. त्या दिवशी त्यानं तिला सजवली ती साहेबांच्या मोठ्या सामन्याला सजवायचा तशी. मान तासून गुळगुळीत. पट्ट्या नव्या. शेपटीची गाठ अशी आवळली की दगड व्हावी. पेटीतून पागेचा तांबडा फेटा काढून स्वतः बांधला. मोतद्दारानं खेळाच्या दिवशी घोड्याआधी खायचं नाही, पाणीदेखील नाही, म्हणून सकाळपासून तो तसाच. देवळाकडून ढोलाचा पहिला ठोका आला मात्र, साखरेच्या अंगावरून शहारा गेला. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. कृष्णनाथ हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

“बघितलंस? बघितलंस ना?”

देवकी घोडीच्या बरगड्यांकडे बघत होती.

देवळापासून व्हाळापर्यंत सगळं छान पार पडलं. साखर पुढं, कृष्णनाथाच्या हातात दोर, मागं घोडे. बायका माडीवरून बघत होत्या, म्हातारे हात जोडत होते. व्हाळापलीकडे ते मोठं कापलेलं शेत लागतं, सपाट आणि कोरडं. तिथं मोडणीचे घोडे नेहमी दोन बाजूंना होतात आणि तलवारी उगारून समोरासमोर धावतात. दर वर्षीचंच. पण दर वर्षी तिथं साखर नव्हती. मोकळं मैदान, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि हात उगारून अंगावर धावत येणारे घोडे! तिनं एकच हिसका दिला. दोर कृष्णनाथाच्या तळहाताची साल काढून निसटला.

ती धावली. देवा रे, काय धावली! म्हातारपण, दुखरी शीर, उपाशी पोट, कशाचीच तिला आठवण राहिली नाही. गौरेशच्या बाजूला आली, त्याच्या वेगाला वेग मिळवला आणि खांदा लावून त्याला हळूच पण नेमका बाहेर ढकलला. पोलोतल्या घोड्याला हे शिकवलेलंच असतं, शत्रूच्या घोड्याला चेंडूपासून हटवायचं. गौरेश कोलमडला. लाकडी घोड्याचा कान मोडून बाजूला पडला. बायकांनी तोंडावर हात घेतले. देवाचा घोडा मोडला!

साखर शेताच्या टोकाला गेली, वळली, परत आली, पुन्हा वळली. चेंडू कुठंच नव्हता. ढोल थांबले. मग तीही थांबली, बरोबर शेताच्या मध्यावर, उजवा पाय उचलून धरलेला, अंगातून घामाच्या धारा.

कृष्णनाथ धापा टाकत पोचला. दोर धरला. “चल, साखर. चल गो बाय.” ती हलेना. त्यानं ओढलं, चुचकारलं, हाका मारल्या, शेवटी हात जोडले. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभी. पाय थरथरत होता, आता पडेल की मग पडेल अशी स्थिती, पण जागा सोडायची तयारी नाही. माणसं लांबून बघत होती. बाबुराव म्हणाले, “घोडे उतरवायची वेळ टळेल. आधी देवळाकडे चला, मग घोडीचं बघू.” मोडणी परत फिरली.

देवकी देवळासमोर होती. गौरेश येऊन उभा राहिला, गुडघा फुटलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले. त्याची आई तांब्या घेऊन पुढं झाली तर त्यानं मान हलवली. “गाठ सुटली नाही अजून,” तो म्हणाला. तहानेनं त्याचा आवाज फुटत नव्हता, पण त्यानं तांब्याकडे बघितलंदेखील नाही.

देवकीनं त्याच्याकडे बघितलं. मग शेताकडे. पदर खोचला आणि ती चालू लागली.

शेतात नवराबायको समोरासमोर आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कृष्णनाथाचा फेटा सुटून खांद्यावर लोंबत होता. “पाय गेला तिचा,” तो म्हणाला. “माझ्यामुळं गेला.”

“पुण्याला हिची शेपूट कुठं सोडायचात?” देवकीनं विचारलं.

“आता हे काय विचारणं?”

“सांगा.”

“मैदानावर. खेळ संपला की तिथल्या तिथं. मग पाणी, मग गवत.”

“आणि शेपूट बांधलेली असताना?”

“तेव्हा खायला देत नाहीत. भरल्या पोटी…” तो थांबला.

“मग इथं रोज दुपारी शेपूट बांधता,” देवकी म्हणाली, “मैदान समोर दाखवता, आणि खेळ होत नाही. ती खाणार कशी? तिला वाटतं, अजून व्हायचा आहे.”

कृष्णनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग घोडीकडे. सगळा हिवाळा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. तो कात्री घेऊन बसलेला, पट्ट्या बांधणारा, लोकांना कौतुकानं दाखवणारा. आणि ती बिचारी शहाण्यासारखी उपाशी, मालकानं बोलावलं तर तयार असावं म्हणून. इतकी वर्षं घोड्यांत काढली आणि हे दिसलं नाही! दिसणार कसं? शेपूट बांधली नाही तर आपण मोतद्दार कसले, दुपारी हातांनी करायचं काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो ढेकळांत मटकन बसला. “मीच मारली गो तिला. माझ्या हौसेपायी.”

“मेली नाही अजून. उठा.”

तो उठला. गाठीला हात घातला, पण सोललेले तळहात, बोटं काही वळेनात. आणि खरं सांगायचं तर नुसत्या बोटांचीच गोष्ट नव्हती ती.

“तुम्ही नको,” देवकी म्हणाली. “ज्यानं बांधली त्यानं सोडायची नाही.”

ती घोडीच्या मागं गेली. आजवर ती तिच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती, लाथेची भीती वाटायची. दगडासारखी गाठ होती. नखानं होईना तेव्हा तिनं वाकून दातांनी ओढली. फीत सुटली, दुमड उलगडली. एकेक पेड करून तिनं वेणी सगळी मोकळी केली, आणि शेपूट सळसळत खाली आली. मग तिनं साखरेच्या पाठीवर तळहात ठेवला.

“पुरो आतां,” ती म्हणाली. “जालो खेळ.”

साखरेनं एवढा मोठा श्वास सोडला की पोट आत गेलं. मान झाडली. मग लंगडत, स्वतःहून, व्हाळाच्या कडेला गेली, आधी पाणी प्याली, आणि तिथल्या हिरव्या गवताला तोंड लावलं. ती खात होती त्याचा आवाज दोघांना ऐकू येत होता. दोघंही तो ऐकत उभी राहिली.

देवळासमोर कृष्णनाथानं नाक घासलं, मोडलेल्या कानाबद्दल देवाची माफी मागितली. बाबुरावांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. गौरेश तोवर पाणी पिऊन ताजा झाला होता. “काका,” तो म्हणाला, “ट्रकात हिला पेंढा मी घातला, आणि धक्का पण मलाच!” लोक हसले. कान सुतारानं मागाहून बसवून दिला, पण सांधा दिसतो, आणि नवीन पोरं दर वर्षी त्याची गोष्ट विचारतात.

साखरेचा पाय काही पूर्ण बरा झाला नाही. पण तिनं तो पावसाळा काढला आणि त्याच्या पुढचाही. कात्री गंजून गेली. मानेवर केस आले, आधी ताठ उभे, मग लांब होऊन एका बाजूला पडले, आणि कळलं की तिची आयाळ शेपटीहून काळसर आहे. हे कृष्णनाथालादेखील ठाऊक नव्हतं. शेवटी गेली ती गोठ्यात, पेंढ्यावर, पोटभर खाऊन. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी घोडीला गोठ्यात सोडून कृष्णनाथ घरात शिरला आणि सवयीनं बांकाशी वाकला. फेटा पेटीत ठेवायचा होता. बांकाखाली हात फिरवला तर काहीच नाही. त्यानं वर बघितलं. खोलीतल्या दांडीवर त्याचे सदरे देवकीच्या लुगड्यांच्या शेजारी ओळीनं टांगले होते. पेटीचा चामड्याचा पट्टा खिळ्याला लोंबत होता.

“पेटी कुठाय?”

“माळ्यावर,” देवकी चुलीपुढून म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. “तुम्ही काही सोडणार नव्हता ती. म्हणून मी सोडली.”

तो तिथंच उभा राहिला. ढोल बंद झाले होते, गोठ्यातून साखरेचं चघळणं ऐकू येत होतं. त्यानं फेटा हातात धरला, घडी घातली, पुन्हा उलगडला, आणि दांडीवर एका सदऱ्याच्या कडेला टाकला. मग तो बांकावर बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपला घसा कोरडा आहे.

“देवकी,” तो म्हणाला, “पाणी दे गो.”